शाळासोबत्यांचे ऋण

विद्यार्थ्याचे नाव एके दिवशी शाळेच्या हजेरीपटावरून कमी होते. त्याबरोबर शाळेचे आणि त्याचे नातेही संपते काय? या प्रश्नाचा विचार करताना आम्हां कोलकात्यात राहणाऱ्यांस कॉलेज स्ट्रीटवरील एका जुन्या विद्यालयाची आठवण होते.

१८१७ साली येथे हिंदू कॉलेज निघाले. पुढे १८५५ मध्ये त्याचेच हिंदू स्कूल आणि प्रेसिडेन्सी कॉलेज असे दोन भाग झाले. कवी मायकेल मधुसूदन दत्त हे या हिंदू कॉलेजचे विद्यार्थी. १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर दुरावले, कॉलेजही सुटले. १८४८ मध्ये ते मद्रासेस गेले. तिकडे असताना आईवडील निवर्तले आणि मालमत्तेसाठी भाऊबंदांत तंटे लागले. ही हकीकत पत्राने कळवून त्यांस परत बोलावले, ते गौरदास बसाक या शाळासोबत्याने. १८५६ च्या आरंभी मधुसूदन परतले. पोलीस कोर्टात त्यांस नोकरी मिळाली. तेथील मॅजिस्ट्रेट किशोरीचाँद मित्र हेही हिंदू कॉलेजचेच. पुढे 'रत्नावली' नाटकाच्या इंग्रजी भाषांतराचे काम त्यांच्याकडे आले, तेही गौरदासांच्या शब्दामुळे. त्या कामातूनच १८५९ चे 'शर्मिष्ठा' नाटक जन्मास आले. 'मेघनादवध' लिहिताना ते आपले सर्ग राजनारायण बसू या जुन्या सोबत्याकडे अभिप्रायासाठी पाठवीत.

वेळेवर कळविलेली बातमी, योग्य ठिकाणी टाकलेला शब्द आणि निर्भीड अभिप्राय, या तीन गोष्टी शाळासोबती देऊ शकतो. आप्तांच्या मनात धर्म, जात, वारसा यांचा हिशेब असतो. शाळासोबत्याने आपणांस त्या हिशेबापूर्वीच ओळखलेले असते. म्हणून घराने टाकलेल्या माणसासही तो टाकीत नाही.

पण ही मदत एकेका मित्राच्या स्वभावावर अवलंबून राहिली, तर ज्यास गौरदास लाभला नाही त्याने काय करावे? माजी विद्यार्थी संघाचे प्रयोजन येथेच आहे. १८७५ मध्ये राजनारायण बसूंच्या पुढाकाराने हिंदू कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. १९५१ मध्ये प्रेसिडेन्सीचा माजी विद्यार्थी संघ स्थापन झाला. आपल्याकडे मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुणांनी १८४८ मध्ये ज्ञानप्रसारासाठी सभा काढली, आणि तिने पुढे मुलींच्या शाळाही चालविल्या.

तथापि या नात्यासही मर्यादा आहे. १८६४ मध्ये मधुसूदन फ्रान्समध्ये कर्जात बुडाले असता धावून आले ते ईश्वरचंद्र विद्यासागर, आणि ते तर संस्कृत कॉलेजचे! आपल्याच शाळेच्या माणसापुरती आटोपणारी माया अखेर वशिलेबाजी ठरते, हे आम्हां सरकारी नोकरांस निराळे सांगावयास नको.

वार्षिक स्नेहसंमेलनास जे येतात ते बहुधा सुस्थितीतले असतात. संघाची खरी परीक्षा, जो आला नाही त्याची चौकशी कोणी केली, या एका प्रश्नाने होते. श्रोत्यांपैकी प्रत्येकास असा एखादा सोबती आठवत असेल. त्यास आज एक पत्र अवश्य लिहावे.