न्हाणीघरांतील ऊन पाणी

तांब्याचा बंब ज्यांनीं स्वहस्तें पेटविला आहे, त्यांस त्याचा धूर, त्याची राख आणि पहांटेची ती खटपट विसरतां येणार नाहीं. परंतु त्या खटपटींत एक गुण होता. बंब बहुधा परसांत किंवा मागल्या पडवींत असे, त्यामुळें धूर मोकळ्या हवेंत जाई. वाफहि कोंडून राहत नसे. पाणी फार कढलें तर बंब आवाज करून सांगे. आतां त्याची जागा विजेच्या व गॅसच्या गीझरनें घेतली आहे. सोय निःसंशय मोठी. परंतु हीं यंत्रें मुकीं आहेत, आणि बहुतेक घरांत तीं बंद दाराआड मुलाबाळांच्या डोक्यावर टांगलेलीं असतात. त्यांचें वर्म गृहस्थानें स्वतः जाणून घ्यावें, केवळ कारागिरावर विसंबूं नये, हें आम्ही स्वानुभवानें सांगत आहों.

प्रथम विजेचा गीझर घेऊं. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें 0.7 युनिट वीज लागते, आणि 2 किलोवॅटच्या गीझरला त्यासाठीं वीस-बावीस मिनिटें पुरतात. असा गीझर 230 व्होल्टवर सुमारें 9 अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून त्यास 16 अँपिअरचीच जोडणी हवी. तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, खरोखर जमिनीपर्यंत पोंचली आहे कीं नाहीं हें तपासून घ्यावें. शिवाय 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा, वीज भलत्या वाटेनें जाऊं लागतांच तो प्रवाह तोडतो.

दुसरें वर्म पाण्याच्या प्रसरणाचें. वरील 15 लिटर पाणी तापतां तापतां सुमारें पाव लिटरानें वाढतें. टाकींत आलेलें पाणी मागें न जाऊं देणारी झडप नळावर असेल, तर ही वाढ जाणार कोठें? त्यासाठींच सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापत असतां त्यांतून थोडे थेंब गळणें हा बिघाड नसून तें त्याचें कर्तव्य होय. गळती अखंड चालूं लागली, तर मात्र नळाचा दाब व तो व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.

हें आम्हांस मागल्या हिवाळ्यापर्यंत सुचलें नव्हतें. त्या थेंबांनीं भिंतीस ओल येऊं लागली, म्हणून बोलाविलेल्या एका कारागिरानें व्हॉल्व्हच्या तोंडास बूच मारलें, आणि आम्हीं त्यास संतोषानें चहा पाजला. पुढें पंधरवड्यांत पाणी नेहमींपेक्षां अधिक कढत येऊं लागलें. घरांत त्याचें कौतुकच झालें! दिव्याच्या दुरुस्तीसाठीं आलेल्या वायरमननें तें बूच पाहिलें मात्र, आणि आधीं गीझरची कळ बंद केली. "गुरुजी, हें कुणीं बुजवलं? इथून पाणी यायलाच हवं." तपासतां थर्मोस्टॅट चिकटलेला आढळला. म्हणजे ठराविक उष्णतेला वीज तोडणारा पहारेकरी झोंपला होता, आणि दाबाची वाट आम्हींच बंद केली होती. कोंडलेलें पाणी 100 अंशांपुढें जाऊन टाकी फुटली, तर त्यांतील जेवढ्याची वाफ होते तें क्षणार्धांत सुमारें 1,600 पट जागा व्यापतें. त्याच गीझरखालीं आमचा नातू रोज स्नान करीत असे. दोष एकट्या कारागिराचा नव्हे. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात असें आयुष्यभर वर्गांत शिकविणारे आम्ही, तें बूच मारलें जात असतां तेथेंच उभे होतों.

गॅसच्या गीझरचें भय याहूनहि सूक्ष्म आहे. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, असें न्यायशास्त्र शिकवितें. येथें धूर नाहीं, रंग नाहीं, वास नाहीं. अनुमानास हेतूच उरत नाहीं. बंद न्हाणीघरांत ज्योतीला प्राणवायु अपुरा पडला कीं कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट बिलगतो. प्रथम डोकें दुखतें, भोंवळ व मळमळ येते, आणि मग दाराची कडी काढण्याचेंहि बळ राहत नाहीं. म्हणून असा गीझर न्हाणीघरांत लावूंच नये. तो मोकळ्या सज्जांत लावून ऊन पाण्याची नळी तेवढी आंत आणावी. खिडकी किलकिली ठेविली म्हणजे झालें, असें समाधान मानूं नये. आंतील माणूस हांकेला ओ देत नसेल, तर दार तोडून त्यास तत्काळ मोकळ्या हवेंत आणावें, सिलिंडर बंद करावा व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दसऱ्याला आपण घरांतील हत्यारें पुसून पुजतों. थंडीपूर्वीं त्याच सुमारास जाणत्या कारागिराकडून अर्थिंग, थर्मोस्टॅट व व्हॉल्व्ह पाहून घ्यावेत. कूपनलिकेचें जड पाणी असल्यास टाकीतील क्षारांचा थर काढवावा, आणि टाकीऐवजीं स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी संपली असल्यास बदलावी. तसेंच पाणी बादलींत घेऊन, कळ बंद करून, मगच मुलांस स्नानास पाठवावें.

आमच्या घरीं आतां त्या व्हॉल्व्हला एक नळी जोडून ती मोरींत सोडली आहे. पाणी तापूं लागलें कीं थेंब पडूं लागतात. ते पाहिल्यावांचून आम्ही नातवाला स्नानास हांक मारीत नाहीं.