रावणाचा पोशाख



वसंतातल्या व्याख्यानात रावणाच्या पोशाखावर बोलावयाचे, हे ऐकून काहींना हसू येईल. विषय वरवर गमतीचा आहे खरा. परंतु एखादा समाज दुष्टाला कोणते कपडे चढवितो, यावरून त्याची दुष्टपणाविषयीची समजूत कळते. आणि ती समजूत चुकीची असेल तर तिचा भुर्दंड आपल्या घरातील मुलांना सोसावा लागतो. म्हणून या एकाच खलपुरुषाचे निरनिराळे वेष आपण शेजारी शेजारी मांडून पाहू.

आरंभ मूळ ग्रंथापासून करू. वाल्मीकींनी रावणाला एकच रूप दिलेले नाही. सुंदरकांडात हनुमान रात्री लंकेच्या राजवाड्यात शिरतो, तेव्हा निजलेल्या रावणाचे वर्णन येते; तेथे दोन बाहू आहेत आणि मुख एक आहे. पुढे तोच हनुमान बांधून दरबारात आणला जातो, तेव्हा त्याच्यासमोर दहा मस्तकांचा राजा बसलेला असतो. शयनगृहात माणूस आणि सभेत दशानन! दहा मस्तके म्हणजे जणू दरबारी पोशाखच. आणि त्या सभेत हनुमानाला काय वाटते? किळस नव्हे. हे रूप, हे धैर्य, हे तेज पाहून तो थक्क होतो. अधर्म आड आला नसता तर हा देवलोकाचाही रक्षक झाला असता, असे त्याच्या मनात येते. शत्रूच्या दूताने दिलेली ही कबुली पुढील सर्व वेषकारांनी ध्यानात ठेवावयास हवी होती.

ती सर्वांनी ठेवली नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा पाया घातला. त्या परंपरेत राक्षस आला की आरोळ्या, थयथयाट आणि धिंगाणा ठरलेला. राक्षसाच्या 'अललडुर्र' या आरोळीवरूनच लोक त्या नाटकांना अललडुर्र नाटके म्हणू लागले. मशालींच्या उजेडात, पाठीमागे बसलेल्या प्रेक्षकालाही कोण आले हे लगेच कळावयास हवे, ही त्या काळची अडचण होती. भडक वेष ही तिची सोय होती.

कोकणात याहून वेगळी सोय झाली. दशावतारातील संकासुर वेद चोरणारा दैत्य. पण त्याचा काळा अंगरखा, काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ पाहून मुले आधी दचकतात आणि मग खदखदून हसतात. शिमग्यातला संकासुर पाहावा तर तो आणखी निराळा: उंच टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू. दैत्य तोच, एका ठिकाणी जिभेने ओळखू येतो, दुसऱ्या ठिकाणी दाढीने. दोन्हीकडे भीतीचे रूपांतर करमणुकीत होते.

केरळातील कथकलीने मात्र बारकाईने विचार केला. तेथे सज्जन नायकाचा चेहरा हिरवा रंगवितात आणि रावणाचाही हिरवाच! फरक एवढाच की त्याच्या गालांवर सुरीच्या आकाराची तांबडी, पांढऱ्या कडांची खूण काढतात आणि नाकावर व कपाळावर पांढरे गोळे बसवितात. या वेषाला 'कत्ती', म्हणजे सुरी, असेच नाव आहे. नुसत्या दांडगाईच्या खलांसाठी, उदाहरणार्थ दुःशासनासाठी, निराळा तांबड्या दाढीचा वेष असतो. थोरपणा आहे, पण त्याला अहंकाराची सुरी लागली आहे, एवढा अर्थ रंगाच्या चार फटकाऱ्यांत सांगितला जातो.

आता आपल्या मावळात येऊ. शिरगावाहून मळवली काही फार दूर नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला शिळाछापखाना १८९९ साली मळवलीस आला. दर रंगासाठी स्वतंत्र शिळा, आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे, अशी ती छपाई. तिच्यातून निघालेली चित्रे चौकटीत बसून घरोघरी लागली. रविवर्म्यांच्या 'जटायुवध' चित्रात रावणाला तोंड एकच आहे आणि हात दोनच. मुकुट आहे, अलंकार आहेत, हाती खड्ग आहे. नऊ मस्तके गाळल्यामुळे काय साधले? सीतेचे भय आणि रावणाचा उन्माद एका माणसाच्या चेहऱ्यावर वाचता येऊ लागला.

दहा तोंडांची अडचण केवळ चित्रकाराची नाही. दहा ही सम संख्या. तिला मध्य नसतो. खरे तोंड मध्ये धरले तर एका बाजूस चार आणि दुसऱ्या बाजूस पाच मुखवटे येतात, आणि नटाला मान वळविणे कठीण होते. दसऱ्याच्या कागदी पुतळ्याला हे चालते, कारण त्याला बोलावयाचे नसते.

लोणावळ्याच्या परिसरात छपाईचा व्यवसाय केलेले दादासाहेब फाळके पुढे चित्रपटाकडे वळले आणि १९१७ साली त्यांनी 'लंकादहन' काढला. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्रकथेवरही रविवर्म्यांच्या वळणाची छाप दिसते. १९८७ साली दूरदर्शनवर रामानंद सागरांचे 'रामायण' आले, तेव्हा अरविंद त्रिवेदींचा रावण भरजरी वस्त्रांत, जड मुकुटात, मिशांना पीळ देऊन गडगडाटी हसला. हा रावण लोकांना आवडला, कारण त्यात राजा होता. उलट ओम राऊत यांच्या 'आदिपुरुष'ची झलक २०२२ साली दिसली, तेव्हा सैफ अली खान यांचा आखूड केसांचा, दाढीवाला, मुकुट नसलेला रावण पाहून गदारोळ झाला. चित्रपट २०२३ साली आला. त्यात दहा मस्तके एका ओळीत नव्हती, वर-खाली रचलेली होती. आमच्या मते नवा वेष करणे हा दोष नव्हे. मुकुटाबरोबर राजाही काढून घेतला, ही उणीव होती. हनुमानाला थक्क करील असे त्या रूपात काही उरले नाही.

इतके वेष पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शाळेच्या स्नेहसंमेलनात रावण कोणाला करतात? बहुधा वर्गातल्या सावळ्या, थोराड मुलाला. आणि तेवढ्याने भागले नाही तर वर काजळ फासतात. गोरा मुलगा राम होतो. हा प्रकार शास्त्रालाही धरून नाही. रावण मेघासारखा काळा होता हे खरे. पण राम तरी कोणत्या रंगाचा होता? तोही श्यामच. रावण पुलस्त्याच्या कुळातला, विश्रव्या ऋषीचा पुत्र, वेदांचा जाणकार. म्हणजे वर्ण, कुळ आणि विद्या या तीन कसोट्यांवर त्याला दुष्ट ठरविता येत नाही. त्याला दुष्ट ठरविते ती त्याची करणी.

आणि त्या करणीच्या वेळी त्याने कोणता पोशाख घातला होता? अरण्यकांड उघडून पाहावे. पर्णकुटीच्या दारी तो आला तेव्हा मुकुट नव्हता, दहा मस्तके नव्हती, खड्ग नव्हते. अंगावर तलम भगवे वस्त्र, डोक्यावर शिखा, पायात पादत्राणे, छत्री, दंड आणि कमंडलू. सीतेने त्याला आसन दिले, पाद्य दिले. रावणाच्या सर्व वेषांत सर्वांत घातक ठरला तो हा. कारण त्याला पाहून कोणी घाबरले नाही.

ज्या मुलांना आपण भयंकर मिशा आणि काळा रंग म्हणजे राक्षस असे शिकवितो, ती मुले नीटनेटक्या, गोडबोल्या माणसाला दार उघडतात. ती पैसे दुप्पट करून देणाऱ्याला फसतात, आणि निरुपद्रवी सावळ्या मुलाची मात्र टर उडवितात.

तेव्हा पुढल्या उत्सवात आपल्या गावच्या मंडळाने रावण उभा केला, तर आमची विनंती अशी. मुकुट चांगला करा, वस्त्रे भरजरी द्या, चेहऱ्याला काजळ फासू नका आणि रंगापेक्षा आवाज पाहून नट निवडा. आणि वेळ असेल तर त्याचा भिक्षुकाचा प्रवेश गाळू नका. प्रेक्षकांतील लहान मुलांनी तो प्रवेश डोळे उघडे ठेवून पाहावा, एवढ्यासाठी तरी तो हवा.