चष्म्याचा नंबर ठीक, पण दृष्टिक्षेत्राचे काय?

कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठळक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण एक फुटावर ठिपका नाहीसा होतो! डोळ्यातील पडद्यावरून नेत्राची नस जिथून मेंदूकडे निघते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू प्रत्येकाला असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मारिऑट यांनी तो १७व्या शतकात दाखवून दिला. मात्र ठिपक्याच्या जागी काळे भोक दिसत नाही, कोरा कागदच दिसतो. उणीव मेंदू भरून काढतो.

काचबिंदूत हीच सोय घातक ठरते. नसेतील दहा-बारा लाख तंतू हळूहळू मरू लागतात. बहुधा नाकाकडच्या बाजूचे आधी दिसेनासे होते, आणि तेवढा भाग दुसरा डोळा सांभाळून घेतो. समोरची अक्षरे मात्र बराच काळ स्वच्छ दिसतात. म्हणून नेत्रशिबिरात तक्त्याची शेवटची ओळ वाचली, एवढ्यावरून डोळे निरोगी समजू नयेत. घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनबाहेर बाजूची रिक्षा एकाएकी अंगावर आल्यासारखी वाटते, पुलाची पायरी चुकते. घरचे म्हणतात, वय झाले!

नुसता डोळ्याचा दाब मोजूनही भागत नाही. तो सर्वसाधारणपणे १० ते २१ असतो, पण त्या मर्यादेतही काचबिंदू होतो. नस पाहणे आणि दृष्टिक्षेत्र तपासणे आवश्यक. या तपासणीत एक डोळा झाकून समोर लुकलुकणारे दिवे दिसतील तेव्हा बटण दाबायचे असते. पुष्कळ दिवे दिसत नाहीत म्हणून वृद्ध माणसे घाबरतात. घाबरू नये, यंत्र मुद्दामच अतिमंद दिवे दाखवते. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिका रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. चाळिशीनंतर, आणि आईवडील वा भावंडांना काचबिंदू असल्यास त्याहून आधी, तिथे जावे. सल्ल्याशिवाय स्टिरॉइडचे थेंब घालणाऱ्यांनी तर जावेच.

मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. थेंब उरलेली राखतात, म्हणून ‘फरक पडत नाही’ असे म्हणून ते सोडू नयेत.

डोळ्यापुढे अचानक पडदा सरकला, किंवा दोन्ही डोळ्यांचे एकाच बाजूचे दिसेनासे झाले, तर पडदा सुटल्याची किंवा अर्धांगवायूची शंका असते. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.