विश्लेषण : मायोसायटिसच्या रुग्णांना घास चावणे अवघड का जाते?

जिना चढताना पाय भरून येणे, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणे, केस विंचरताना हात वर न जाणे ही मायोसायटिसची ठळक लक्षणे. रुग्ण ती डॉक्टरांना सांगतो. मात्र गेले काही महिने भाकरी दुधात कुस्करूनच खावी लागते, हे सहसा कोणी सांगत नाही. वयामुळे दात कमजोर झाले असतील, असा घरच्यांचाही समज असतो. प्रत्यक्षात दोष दातांचा नसून दातांना जोर देणाऱ्या स्नायूंचा असू शकतो.

हा आजार नेमका काय आहे?

रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर हल्ला करते, त्यांना सूज येते आणि ते अशक्त होत जातात. अशा आजारांच्या गटाला मायोसायटिस म्हणतात. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये पापण्यांवर आणि बोटांच्या सांध्यांवर चट्टेही उमटतात. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस पन्नाशीनंतर, पुरुषांत अधिक दिसतो आणि त्यात मांड्यांबरोबर बोटांची पकडही जाते. आजार दुर्मीळ असल्याने निदानाला अनेकदा उशीर होतो.

जबड्याचा संबंध कुठे येतो?

दात घट्ट आवळून गालाच्या मागच्या बाजूला, कानाच्या थोडे पुढे बोट ठेवा. टणक होणारा तो गोळा म्हणजे मॅसेटर स्नायू. कानशिलावरचा टेम्पोरॅलिस त्याच्या जोडीला असतो. हेही हातापायांसारखेच स्नायू आहेत, त्यामुळे आजाराच्या तडाख्यातून ते सुटतीलच असे नाही. चावण्याचा जोर कमी होतो, जेवता जेवता जबडा थकतो, कधी तोंडही पुरेसे उघडत नाही. साधारणपणे स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावायला हवीत. अर्थात आपल्याकडे तोंड न उघडण्याचे पहिले संशयित सुपारी आणि गुटखा; महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही गुटखा मिळतोच. त्यामुळे ती सवय असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नये.

याच आजारात गिळण्याचे स्नायूही कमजोर होऊ शकतात. नीट न चावलेला घास आणि मंदावलेले गिळणे एकत्र आले, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाचा धोका असतो. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर ते डॉक्टरांना लगेच सांगायला हवे.

मग दात का किडतात?

चावता येत नाही म्हणून ताटातून भाकरी, काकडी, शेंगदाणे जातात आणि चहात बुडवलेली बिस्किटे, केक, गोड खीर येते. हे मऊ पदार्थ दातांना चिकटून राहतात. खांदा उचलत नाही, बोटांत पकड नाही, म्हणून ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोहोचत नाही. काही रुग्णांना सोबत शोग्रेन हा आजारही असतो. त्यात लाळ आटते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षण जाते. एक दात काढावा लागला की चावणे आणखी कमी होते.

औषधांचा परिणाम काय?

स्टेरॉइडमुळे तोंडात बुरशीचा पांढरा थर येऊ शकतो. मेथोट्रेक्सेटमुळे तोंड येते. इथे एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी : या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठी वाचण्यात चूक होऊन ते रोज घेतले गेले, तर तोंडभर फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जिवावर बेतू शकते. त्यामुळे ठरलेला वार कॅलेंडरवर लिहून ठेवावा. फोड आल्यास तोंडाला जेल लावून वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांना हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून अॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक अॅसिड दिले जाते. ही औषधे घेताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. म्हणून ती सुरू होण्यापूर्वीच किडके दात दाखवून घेणे शहाणपणाचे. दात काढायचा म्हणून स्टेरॉइड परस्पर बंद करणे मात्र घातक ठरते.

घरी काय करता येईल?

ब्रशच्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून तो जाड करावा, कोपर बेसिनवर टेकवून दात घासावेत. विजेवर चालणारा ब्रश परवडत असेल तर उत्तम. मऊ खायचेच असेल, तर मूगडाळीची खिचडी, दही, मऊ शिजवलेले अंडे यांतून प्रथिने मिळतात. बिस्किटांतून ती फारशी मिळत नाहीत. जेवण ताठ बसून, छोटे घास घेत करावे. जबड्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावेत.

दंतवैद्याकडे जाताना औषधांची पूर्ण यादी न्यावी आणि भेटीची वेळ थकवा कमी असताना, शक्यतो सकाळची घ्यावी. गिळायला त्रास होत असेल, तर खुर्ची पूर्ण आडवी करू नका आणि तोंड मिटायला मधून मधून विश्रांती द्या, असे आधीच सांगावे.