घरट्याचा जवळून फोटो काढणं ‘शिकार’ कसं ठरू शकतं? ओरछाच्या छत्र्यांवरची गिधाडं बघा, म्हणजे कळेल

रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून बाहेर पडणारे हल्ली गावोगावी दिसतात. कुणाला किल्ले, लेणी, जुनी देवळं टिपायची असतात, तर कुणाला पक्षी. ऐकायला हे दोन छंद वेगळे वाटतात, पण जुन्या वास्तूच्या भिंतीपाशी त्यांची गाठ हमखास पडते. बुरुजाच्या भोकातून पोपट डोकावतो, कमानीखाली पाकोळ्यांची अख्खी वसाहत असते आणि घुमटाच्या अंधारात एखादं गव्हाणी घुबड डोळे मिटून बसलेलं असतं.

याचं भारतातलं सगळ्यात भारी उदाहरण बघायचं असेल, तर मध्य प्रदेशातल्या ओरछाला जायला हवं.

झाशी स्टेशनला उतरायचं. तिथून ओरछा जेमतेम १५ ते २० किलोमीटर. आपल्याकडे झाशी म्हटलं की राणी लक्ष्मीबाईच आठवते, पण झाशीचा किल्ला बांधला होता ओरछाच्या राजा वीरसिंह देवने. या बुंदेला राजांच्या छत्र्या, म्हणजे समाध्या, बेतवा नदीच्या काठावर दिमाखात उभ्या आहेत. आणि त्यांच्या माथ्यावर घरटी करून राहतात लांब चोचीची गिधाडं.

आता प्रश्न पडतो, एवढं जंगल सोडून गिधाडं समाधीवर का?

तर हे गिधाड मुळात कड्याकपारीत राहणारं. आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवरही तेच दिसतं. त्याला लागते उंची, बसायला अरुंद कंगोरा आणि समोर मोकळी हवा. छत्रीत हे तिन्ही मिळतं, म्हणजे त्याच्या लेखी ती माणसाने बांधून दिलेली दरडच. शिवाय हा पक्षी पाच-सहा किलोचा असतो. एवढं वजन पंख मारत मारत वर नेणं त्याला परवडत नाही. म्हणून ऊन तापून हवा वर चढू लागेपर्यंत तो जागेवरच बसून राहतो. फोटो काढणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? कोवळं ऊन, सोनेरी झालेला दगड आणि त्यावर शांत बसलेला पक्षी.

गडबड इथेच सुरू होते. हे गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. घरट्याचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि ओरछाला पर्यटकांची गर्दीही नेमकी हिवाळ्यातच असते. काही छत्र्यांमध्ये आतून वर जाणारे अरुंद जिने आहेत. जिना उघडा दिसला की ‘थोडं जवळून घेऊ’ असं वाटणं साहजिक आहे. पण वर माणूस आला की अंड्यावर बसलेलं गिधाड उठतं. मग अंडं उन्हात तापतं किंवा थंडीत गारठतं, पिल्लू उघड्यावर पडतं, कावळ्यांना संधी मिळते. असं रोज चार जणांनी केलं, तर ती जोडी घरटं सोडूनही देते. म्हणजे त्या वर्षाचा खेळ संपला.

एरवी एक अंडं गेलं तर गेलं, असं कुणी म्हणेल. पण भारतातली ९० टक्क्यांहून जास्त गिधाडं १९९०च्या दशकापासून पुढच्या १५-२० वर्षांत संपली. गुराढोरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याला कारणीभूत होतं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४मध्ये हे संशोधनातून समोर आलं, २००६मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. आज हा पक्षी अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. त्यामुळे इथे एकेका अंड्याचा हिशोब ठेवावा लागतो.

कायदा काय म्हणतो, ते तर बऱ्याच हौशी फोटोग्राफर्सना माहीतच नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फक्त मारणं किंवा पकडणं एवढीच नाही. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं हेसुद्धा त्यात मोडतं. आणि हे गिधाड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. लांबून काढलेला फोटो ही शिकार नव्हे, हे उघड आहे. पण पक्षी उडेपर्यंत जवळ जाणं, घरट्यापुढची फांदी मोडणं, ‘उडतानाचा’ शॉट हवा म्हणून टाळ्या वाजवणं, दगड मारणं हे सगळं त्या व्याख्येच्या धोकादायक जवळ जातं.

मग फोटो काढायचाच नाही का? काढायचा, पण नदीच्या पलीकडून. बेतवावरचा पूल ओलांडला की छत्र्यांची रांग पाण्यातल्या प्रतिबिंबासकट एका फ्रेममध्ये मावते. खरं सांगायचं तर फोटोही तिथूनच चांगला येतो. जवळून मिळतं ते फक्त गिधाडाचं डोकं, जे कुठल्याही प्राणिसंग्रहालयात मिळेल. लांबून मिळतं ते गिधाड ‘ओरछाचं’ असतं.

४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलवर छत्रीचा आकार घ्या, पक्षी ठिपक्याएवढा आला तरी शोभतो. उजळ आकाशापुढे पक्षी काळाठिक्कर येतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. गिधाडं कुठे बसतात हे कळायची सोपी खूण म्हणजे दगडावर ओघळलेले विष्ठेचे पांढरे पट्टे.

बाकी वास्तूंचे नियमही ध्यानात असू द्या. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड आणि ड्रोनला परवानगी लागते. ताजमहालच्या मुख्य कबरीच्या आत फोटो काढता येत नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो पोस्ट करताना. एका घरट्याचं लोकेशन व्हायरल झालं की पुढच्या रविवारी तिथे वीस कॅमेरे उभे राहतात. ईबर्डसारखं पक्षीनोंदीचं संकेतस्थळसुद्धा काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा सर्वांना दाखवत नाही. घरट्याचा फोटो टाकताना लोकेशन टॅग काढा, गावाच्या ऐवजी जिल्ह्याचं नाव लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर त्यात दडलेली जीपीएसची माहितीही सोबत जाते. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन आधीच बंद केलं, की ही भानगडच उरत नाही.