शरदात फुलणारे कंद: लागवड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये

ब्रिटन आणि युरोपात राहणाऱ्या बागप्रेमींनो, डॅफोडिल-ट्यूलिप सगळेच लावतात. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाग ओसरू लागते, तेव्हा बहरणारे कंदही आहेत, आणि ते फार देखणे आहेत!

केशर: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 10 ते 15 सेंमी खोल, भरपूर उन्हात लावा. जांभळ्या फुलात तीन लाल तंतू असतात, तेच आपलं केशर. साधारण 150 फुलांमागे एक ग्रॅम मिळतं. या झाडाला बी धरत नाही, वाढ फक्त कंदांतून होते.

कोल्चिकम: आधी फुलं, पानं थेट वसंतात. ती पिवळी पडून सुकेपर्यंत कापू नका, पुढच्या वर्षीचं बळ कंदाला त्यांतूनच मिळतं.

नेरीन: मूळची दक्षिण आफ्रिकेची, गुलाबी फुलांची. उन्हाची भिंत गाठून लावा, कंदाची मान मातीबाहेर ठेवा. दाटीवाटीत ती छान फुलते, म्हणून उगाच उकरू नका.

तिन्हींनाही पाण्याचा उत्तम निचरा हवा. माती चिकण असेल तर जाडी रेती मिसळा, नाहीतर कंद कुजतात.

सर्वांत महत्त्वाचं: कोल्चिकम अत्यंत विषारी आहे आणि दिसायला केशरासारखंच. ओळख सोपी आहे: केशरात पुंकेसर तीन, कोल्चिकममध्ये सहा. दोन्ही कधीही शेजारी लावू नका. घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील, तर कोल्चिकम टाळलेलंच बरं.