बोरन्हाण पाळणाघरातलं

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी पाच वर्षांखालच्या लेकरांचं बोरन्हाण होतं. आता ते पाळणाघरांत, अंगणवाड्यांतही होऊ लागलंय, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मग डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या. एखादं बाळ बिचकून रडायला लागलं की जाणती ताई आधी मूठभर चुरमुरे स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेते. बाळ खुदकन हसतं, मग त्याची पाळी!

घरचं अंगण आणि शिक्षण जोडण्याची ही वाट आपल्याकडे जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत त्यांनी शंखशिंपले, बिया, पानं हीच शिकण्याची साधनं केली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार.

पालकांनो, तुमच्या घरची पद्धत ताईंना जरूर सांगा. आणि अगदी लहान मुलं असतील तर बोरं, हरभरे, रेवड्या वगळून नुसते चुरमुरेच वापरा. बी किंवा दाणा घशात अडकू शकतो.